भावाचं रक्त नको

प्रिय राघू,

प्रिय म्हणावं असं तू मंगळवारी वागला न्हाईस, तरी रीत म्हणून लिहिते. भरल्या दवाखान्यात माझ्या खाटेपाशी उभं राहून, दिराचं रक्त चालतंय आन् सख्ख्या भावाचं इटाळतंय काय, असं वरडायची काय गरज व्हती? बाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसत व्हत्या. वर तरातरा गेलास तो घरी न्हाई, डॉक्टरकडं. ऑपरेशनला माझंच रक्त चढवा, आक्काचं ऐकू नका, म्हणून सांगून आलास. मी नको म्हटलं तर डॉक्टर हसले. म्हणाले, काकू, घरच्या ताज्या रक्तासारखं दुसरं काय असतं? माझा दीर दादाभाऊ बाजूलाच बसलेला, मला पुढं बोलता येईना. आता सोमवारी मी भुलीखाली पडलेली असणार. मला कोण विचारतंय?

तुझं रक्त मला घाण वाटतंय म्हणतोस? माहेरी आणे गावच्या वावरात तुझ्या पायात कोयता घुसला, तवा माझा नवा परकर फाडून कुणी बांधला? आईचा मारबी मीच खाल्ला. तू विसरलास, मी न्हाई.

तुझे दाजी गेले ते आठव. ट्रॅक्टरखालनं माणूस वाचला. रक्त चढवलं, घरी आणलं, चुलीपुढं बसून पिठलं-भाकर मागून खाल्ली. मी म्हटलं, सुटलो. मग ताप आला. अंगभर लाल पुरळ, हगवण, डोळे हळदीवानी पिवळे. गाव म्हणालं बाधा झाली. पुण्याला नेलं तवर हातात काय राह्यलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाहेर घेतलं. म्हणाल्या, परक्याचं रक्त आलं की त्यातल्या पेशींना आपलं अंग हुसकून लावतं. पण सख्ख्याचं रक्त कधीमधी इतकं जुळतं की अंगाला त्या परक्या वाटतच न्हाईत. घरचाच माणूस म्हणून कुत्रं भुंकत न्हाई आन् तो आत शिरून घर नासवतो, तसं. लाखात एखाद्याला व्हतं, पण झालं की माणूस हाती लागत न्हाई. मोठ्या ठिकाणी त्या पेशी मारायला रक्ताला आधी किरणं देतात, म्हणाल्या. आपल्याकडं कुठलं यंत्र?

दाजींना कुणाचं रक्त चढवलं व्हतं, इचार की आता. दादाभाऊचं. सख्खा धाकटा भाऊ, हट्टानं दिलं, तुझ्यासारखंच. अजून वर्षश्राद्धाच्या पंगतीत छाती फुगवून सांगतो, दादाच्या अंगात शेवटपर्यंत माझं रक्त खेळत व्हतं. मी वाढत राहते, खाली बघून. त्याला कळलं तर तो इहीर जवळ करंल. माझं त्याचं रक्ताचं नातं न्हाई, म्हणून मला त्याचं चालतंय. तुझं न्हाई. एवढंच सांगायला मंगळवारी माझी जीभ उचलली न्हाई. डॉक्टरला जाऊन सांग, मी आक्काला रक्त देणार न्हाई. दंडात लईच रग असंल तर रक्तपेढीत दे, कुणा परक्याला लागंल. दादाभाऊपुढं चकार शब्द काढलास तर मी मेली समज. हा कागद वाचून चुलीत घाल. शेजारची सोनीबाई तिकडं पेठेला येतीय, तिला वाचता येत न्हाई म्हणून तिच्या हाती दिलाय. डॉक्टरला सांगितलं का न्हाई ते शनिवारच्या आत मला कळलं पायजे.

तुझीच,
गजराआक्का
पिंपरी पेंढार