मधला आवाज

अहो,

मुद्द्याचंच सांगते. आज सकाळी तुमच्या चर्चमधल्या गायकवृंदाच्या मार्गारेटबाईंचा फोन आला. येत्या रविवारी ते पंधराव्या शतकातलं ते लॅटिन स्तोत्र तुमच्या आठवणीसाठी गाणार आहेत, आणि त्यात तुमच्या आवाजाची जागा रिकामी ठेवणार आहेत. मधला आवाज कोणीच गाणार नाही. "तुमची संमती हवी," म्हणाल्या.

मला रडू आलं नाही. राग आला. म्हणून लिहायला बसले.

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, नातवंडं सांभाळतात. तुम्ही इथे अमेरिकेत, पार्सिपनीत बसून लॅटिन गायला लागलात! मंडळाच्या गणपतीत सगळ्यांच्या आधी आरती संपवणारा माणूस! कुलकर्णीकाकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "धर्म बदलला की काय गं यांनी?" तुम्हाला सांगितलं, तर हसून म्हणालात, "धर्म नाही, पट्टी बदलली."

बेसमेंटमध्ये मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा तुम्ही समजावलं होतंत. एक कडवं सगळ्यांनी एका सुरात गायचं, पुढचं तीन आवाजांत. कागदावर मात्र वरचा आणि खालचा, दोनच आवाज लिहिलेले. मधल्यानं वरच्या ओळीवर नजर ठेवून त्याच चालीनं, थोडं खालून चालायचं.

"म्हणजे तुम्हाला कागदसुद्धा मिळत नाही," मी म्हणाले.

"मिळतो की! शेजाऱ्याचा बघायचा."

मग महिनोन् महिने खालून तेवढा एकच आवाज वर यायचा. नुसतं मीठ चाखत बसल्यासारखं वाटायचं. बाकीचे दोन कसे लागतात, ते मी कधीच ऐकलं नाही. तुम्ही एकदाच विचारलंत, "येतेस का ऐकायला?" मी म्हटलं, बघू. पुन्हा विचारलं नाहीत. का? भाजी दोनदा मागून घ्यायचात, मग हे दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?

आणि फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला म्हणून जे बाहेर गेलात, ते गेलातच. मुलगा येऊन काढेल म्हणाला होता. शेजारचा काढेल म्हणाला होता. ऐकलंत कोणाचं?

दुपारी अनघाला हर्नडनला फोन केला. "आई, इट्स अ ट्रिब्यूट. हो म्हणून टाक ना. किती ब्यूटिफुल आयडिया आहे!"

रिकाम्या जागेत ब्यूटिफुल काय असतं? तिला म्हटलं, इथे येऊन राहा चार दिवस. गाडीत शेजारची सीट रिकामी, बाथरूममधली खुंटी रिकामी. आता गाण्यातही तेच ऐकायला जाऊ?

मार्गारेटबाईंना उलट फोन करून नाही म्हणून सांगितलं. "आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं पान वाढतात. भरलेलं. रिकामं ताट मांडत नाहीत."

बाई म्हणाल्या, "त्यांच्या जागी गायचं कोणाला धाडस होत नाही."

"त्यांच्या शेजारी कोण उभं राहायचं?"

"टॉम."

"मग टॉम गाईल."

"तो प्रॅक्टिसला रडतो."

"रडू दे. गाऊन झाल्यावर."

फोन ठेवला आणि तुमचं कपाट उघडलं. कपडे अजून तसेच आहेत, कोणाला दिले नाहीत. आणि तुमची जागा मात्र मी आज फोनवर देऊन टाकली. बरोबर केलं ना? तुम्ही असतात तर "बघ बुवा" म्हणून मोकळे झाला असतात.

रविवारी मी येईन. मागे नाही, पहिल्या बाकावर बसेन. टॉम कुठे घसरला, तर सगळ्यांआधी मला कळेल, तरी मान खाली घालणार नाही, मधेच उठणारही नाही. संपल्यावर त्याच्याकडे जाईन आणि छान गायलास म्हणेन. छान झालं नाही, तरी म्हणेन.

तुमची,
सुमन