शंख गाळलेलं गाणं

थोरल्या वन्सं आकेनेसे यांना धाकट्या भावजयीचा नमस्कार. (वाकून केलाय असं समजा. गुडघे वाकायला तयार नाहीत.) ऑकलंडला थंडी पडली असेल, पाय झाकून बसत जा. आणि सूनबाईंना सांगा, तारोचा कंद नीट शिजू द्यावा. तुमच्या भावाच्या मातीला आली तेव्हा तिने उकडलेला खाऊन अख्ख्या गावाचा घसा खाजला, आणि पाहुण्यांना वाटलं सगळे फिलिपोसाठी हुंदके देताहेत. इकडे मी ठीक, डुकरं ठीक, पाद्रीबाबाही ठीक, म्हणजे प्रवचन अजून लांबच.

तसं काम काही नाही, सहज लिहितेय. गेल्या रविवारी दुपारचं जेवण उरकतंय तोच आपियाहून रेडिओवाले आले. आपल्या चर्चमध्ये ते सिनेमातलं गाणं टेपवर भरलं त्याला म्हणे चाळीस वर्षं झाली. सिनेमा कोणाला आठवतो? (मी पाहिलाय. हिरो बुडतो. बुडणारच, मेल्याला पोहता येत नव्हतं.) पण गाणं बघा, लग्नात वाजतं, मयताला वाजतं, फेरीबोटीवर वाजतं, दाताच्या डॉक्टरकडेही वाजतं. होडी गेली, बाई किनाऱ्यावर वाट बघतेय, एवढंच काय ते. तरी डॉक्टर माझी दाढ उपटत होता तेव्हा मी रडले, ती दाढेसाठी नव्हे.

ती रेडिओवाली पोरगी विचारायला लागली, ह्या गाण्यामागची गोष्ट काय? झालं! पाद्रीणबाई म्हणाल्या, चाल माझ्या आजीची. गाणंमास्तर सेमिसी म्हणाला, गायकाला सूर मी दिला. (ह्याचा स्वतःचा सूर तेव्हा हरवला होता, तो अजून सापडायचाय.) शेवटी मीच पुढे झाले. म्हटलं, "बाई गं, ह्याच्यामागे आहे तो आमच्या फिलिपोचा शंख."

तुम्ही तेव्हा नुकत्याच तिकडे गेला होतात, म्हणून तुम्हालाही सांगते. सिनेमावाल्यांकडे टेपचं एकच रीळ उरलं होतं. आम्ही चाळीस जण मागे कोरसात, पुढे तो आपियाचा गायक, केसाला पावशेर खोबरेल चोपडून. उकाड्याने सगळ्या खिडक्या सताड उघड्या. दुसरं कडवं संपतंय, आणि बाहेर फणसाखाली उभ्या तुमच्या भावाने संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकला! आता शंख झाला की आपल्या गावात कोण उभं राहतं? चाळीसच्या चाळीस जण मटकन खाली बसलो, डोळे मिटले, तोंडं बंद. तो बिचारा एकटाच उभा. परक्या गावचा, बसावं की गावं कळेना, तशाच कापऱ्या आवाजात त्याने तिसरं कडवं म्हटलं. रीळ संपलं. दुसरं नव्हतं, म्हणून तेच सिनेमात गेलं. आणि लोक रडतात ते नेमके तिथेच! कोणी शहाण्याने पेपरात लिहिलं होतं की तो शंख म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांचा हंबरडा आहे. फिलिपोने तो कागद घडी करून टोपीत ठेवला होता. हा मेला पूर्वज तेव्हा पस्तिशीचाही नव्हता.

तर रेडिओवाली खूश झाली. म्हणाली, "आजी, आम्ही गाणं नव्याने स्वच्छ करून आणलंय, ऐका." कर्णे लावले. पोरीबाळी, म्हातारे, सगळे नाचायला उठले. दुसरं कडवं संपलं आणि शंख आलाच नाही! खरखर समजून पुसून टाकला होता. पण सांगू? अख्खा गाव तरीही खाली बसला. एकजात. चाळीस वर्षांची सवय. रेडिओवाली तेवढी उभी, घाबरून म्हणते, "काय झालं? वीज गेली का?" सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग सेमिसीने हात दिला तेव्हा उठता आलं. इतकी वर्षं त्या जागी बसलं की तुमचा भाऊ हात द्यायचा. सेमिसीचा हात घामट आहे.

म्हणाल, शंखासकट गाण्याची माझी जुनी कॅसेट कुठे गेली? सेमिसीने दोन दिवसांच्या बोलीवर नेली आणि तिच्यावर स्वतःची गायकमंडळी भरून परत दिली. वर म्हणतो, "आता जास्त चांगली झाली."

असो. मुलांना गोड पापा. तब्येतीला जपा.

तुमची खट्याळ भावजय,
सेलेपा

ता. क. रेडिओवर सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. त्या दिवशी शंख अर्धा तास आधी वाजला. मी खिडकीजवळ होते, सूर्य समुद्राच्या वर हातभर होता. तो तेलकट गायक दुसऱ्या कडव्यात मला सूर समजावायला म्हणून माझा हात धरून गात होता, आणि फणसाखालून तुमच्या भावाला ते दिसत होतं. नंतर मी विचारलं, एवढी घाई का? म्हणे, "घड्याळ पुढे होतं." वन्सं, त्याला पहिलं घड्याळ तुम्ही दिलंत, आमच्या लग्नात, आणि लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी.

आणखी एक. त्या गाण्याची जुनी तबकडी तुम्ही फिलिपोच्या मयताच्या वेळी "जपून ठेवते" म्हणून नेलीत. मी काही बोलले नाही. (मनात बोलले, बरंच.) चार वर्षं फोन केला नाही तो त्यामुळेच, फोन नादुरुस्त नव्हता. वाजवायचं यंत्र माझ्याकडे आहे, त्यावर कोंबडी बसते, पण चालतं. त्या तबकडीत शंखाच्या आधी एक श्वास ऐकू येतो, छाती भरून घेतलेला. मला तेवढाच हवाय. टपालाने पाठवू नका, फुटेल. मांडीवर घेऊन स्वतः या. शंख झाला की बसावं लागणार, आणि बसलं की आता मला उठवायला कोणी नाही. तुमचेही गुडघे काही धड नाहीत. एकमेकींना ओढू.