राणीसाहेबांच्या हातातले वीस पैसे

धामणकर नाका, भिवंडी
दिवाळीआधीचा रविवार

ती. केसरीनाथदादांना सावळारामचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. वहिनींनी दिलेलं लोणचं आम्ही पुरवून खातो आहोत. आम्ही उभयता मजेत. (फोनच केला असता, पण तुमची बहीण माझे सगळे फोन स्पीकरवर टाकून ऐकते.)

तुम्हाला आठवत असेल, लग्नात तुमच्या आईंनी सुमतीला कमळ असलेली पितळी वीस पैशांची नाणी दिली होती. बाजारात त्यांना आता कुत्रं विचारत नाही, पण आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला तीच लक्ष्मी. वर्षभर डब्यात, दिवाळीला चिंचेने घासून पाटावर. तर झालं असं, की सुमती डोळ्यांत तेल घालून बघते त्या राणीच्या मालिकेचं शूटिंग पूर्णा गावच्या एका रिकाम्या गोदामात चाललं होतं. (बाहेर कंटेनर, आत राजवाडा. खांब थर्माकोलचे, मी टेकलो तर एक हलला.) आमच्या शेजारचा कुणाल तिथे सामान पुरवतो. राणीसाहेब दानधर्म करणार, म्हणून त्याला मोहरा हव्या होत्या, आणि लांबून पितळ सोन्यासारखं दिसतं. "काका, काय व्हत न्हाय, शूटिंग झाली का परत देतो," म्हणाला, आणि वर मला दरबारात मानकऱ्याची जागा देऊ केली. दादा, शाळेच्या कचेरीत उभा जन्म शिक्के मारलेल्या माणसाला कोणी पगडी देऊ केली तर तो काय करील? मी डबाच दिला. सुमतीला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. दिवसभर एक मुलगी "अंकल, कॅमेरे में मत देखो!" म्हणून माझ्यावर ओरडत होती. चिकटवलेली मिशी निघेना, ती शेवटी न्हाव्याकडून सोडवून घेतली. (सोबत माझी खरीही निम्मी गेली.)

काल तो भाग लागला. राणीसाहेबांनी मूठ उघडली आणि पडदाभर तळहात! तीनशे वर्षांपूर्वीच्या राणीच्या हातात भारत सरकारचे वीस पैसे, आणि कमळाच्या पाकळ्यांत गेल्या दिवाळीचं कुंकू. मला चहाचा ठसका लागला. सुमती मात्र हात जोडून म्हणाली, "बघा, राणीकडेही आपल्यासारखीच लक्ष्मी!" मग मागे मी दिसलो, तर म्हणते, "तो मागचा मेला कोण? राणीला सोडून आपल्याकडेच बघतोय!" सुटलो म्हणून बरं वाटलं, पण इतक्या वर्षांच्या बायकोने ओळखू नये याचं वाईटही वाटलं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
सावळाराम

ता. क. नाणी परत आलेली नाहीत. गोदामात आता फ्रिजचे खोके आहेत आणि कुणाल राजस्थानात. फोन लागत नाही. आईंच्या नाण्यांतली निम्मी तुमच्याकडे आहेत ना? लक्ष्मीपूजनाआधी मूठभर गुपचूप पाठवा. पगडीपायी मी आईंची आठवण घालवली हे कळलं तर सुमती रागावणार नाही, रडेल. ते मला बघवणार नाही.

पुन्हा ता. क. डिंकाने माझी बोटं चिकटतात, म्हणून पाकीट सुमतीकडेच बंद करायला देतो. काळजी नसावी, तिला दुसऱ्याची पत्रं वाचायची खोड नाही.

दादा, मी सुमती. नाणी पाठवू नकोस. हे न्हाव्याकडे बसले होते तेव्हाच कुणाल ती माझ्या हातात देऊन गेला. तांदळाच्या डब्यात आहेत. पूजेच्या दिवशी पाटावर मांडीन तेव्हा ह्यांचं तोंड बघायचंय. तोवर न सांगता दळण आणतात, माळा झाडतात, बरं चाललंय. आणि तो मागचा मेला मी पगडीसकट ओळखला होता. फार देखणे दिसत होते रे. एवढं मात्र ह्यांना कळवू नकोस.