गुडघा गप्प झाला

३ सप्टेंबर, बुधवार

शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या वाचवल्या आणि उडी मारली. हिशोब मांडू या. वाचलं काय? एवढा वेळ, की त्यात शिंकसुद्धा पुरी होत नाही. गेलं काय? उजवा गुडघा. गुडघ्याबरोबर गाडी चालवणं. गाडीबरोबर वर्कशॉप. वर्कशॉपबरोबर सकाळचा चहा, कारण तो मी तिथेच लोखंडी जिन्यावर बसून पीत होतो. आणि मुलीकडे जायचं ठरलं होतं, तेही बारगळलं. स्वस्तात पडली म्हणता येणार नाही!

सर्जन म्हणतो, "आतली गादी फाटलीय, उघडून बघू." आयुष्यभर पंप आणि मोटारी दुरुस्त केल्या. सायकलवर पान्यांची पिशवी अडकवून सुरुवात केली, आज बारा माणसं हाताखाली आहेत. त्यात एक गोष्ट शिकलो. कव्हर उघडायची घाई करतो तो मेकॅनिक कच्चा. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "काका, गुडघ्याला नटबोल्ट नसतात." मी म्हटलं, "मग तुम्ही आत घालणार ते काय?" नर्स हसली. तो नाही हसला.

उघडू द्यायचं नाही. दुसरे मार्ग आहेत.

७ सप्टेंबर, रविवार

आज गुडघा ऐकला. बेअरिंग ऐकतो तसाच — लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक मोटारीच्या अंगाला, मूठ कानाला. आत काय चाललंय ते सगळं मुठीतून येतं. पण स्वतःच्या गुडघ्यापर्यंत वाकता येईना. मग पडद्याची सळई काढली. एक टोक वाटीवर, दुसरं कानात. पाय हळूच वाकवला.

कट्! मग बारीक खरखर. परत कट्!

वंगण संपलंय आणि काहीतरी सैल आहे. झालं निदान. खुर्चीतून उठताना तर सळईसुद्धा लागत नाही, खोलीभर ऐकू येतो. हा कट् बंद झाला की मी बरा झालो. माणूस खोटं बोलतो, मीटर खोटं बोलतं. माझा कान आजवर खोटं बोललेला नाही.

ही म्हणायची, "तुम्हाला मोटारीचं दुखणं ऐकू येतं, माझं नाही." चार वर्षं झाली तिला जाऊन. पडदा तसाच खाली पडलाय. सळई लावून घ्यायला दुसरं माणूस लागतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भोंगा येऊन गेला. सुरुवातीपासून माझ्याबरोबर आहे. आवाज असा, की वर्कशॉपमध्ये सगळ्या मोटारी चालू असताना तो बोलला तर रस्त्यावरचा माणूस थांबून विचारतो, "मला म्हणालात का?" जिन्यात असतानाच सुरू झाला — "काय मालक! पाय वर करून राजासारखे बसलात! आम्ही मरतोय तिकडे!" खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बाहेर आली म्हणे.

एक पंप परत आला. गळतोय. कोणीतरी जुनं पॅकिंग न काढता त्यावरच नवं दाबून बसवलं होतं. माझं डोकंच फिरलं! म्हटलं, "जुनं काढल्याशिवाय नवं घालायचं नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. असा कारागीर मी दारात उभा करत नाही!" भोंगा म्हणाला, "होते चूक, मालक. घाईत होते." म्हटलं, "माझ्या हातून झाली कधी?" 

शेजारचा टाइल्सवाला परत विचारून गेलाय. त्याला आमची जागा हवीय, गोदामाला. भोंगा विचारत होता, काय सांगू. म्हटलं, "सांग, मालक जिना चढून वर आला की स्वतः नाही म्हणेल."

१५ सप्टेंबर, सोमवार

डोळेमिटा बाईंकडे गेलो. खरं नाव माहीत नाही. प्रत्येक वाक्य "डोळे मिटा" नं सुरू होतं, म्हणून मी ठेवलं. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर वर्ग आहे. सतरंज्यांवर सगळे आडवे. बाई म्हणतात, "डोळे मिटा. दुखऱ्या जागी सोनेरी प्रकाश पसरतोय असं बघा."

बघितलं. पण माझं डोकं हे असं — प्रकाश येतोय तर दिवा कुठाय? वायरिंग कोणी केलं? संपल्यावर बाईंना विचारलंच. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्हाला जे दिसतं ते बघा. प्रकाशाची सक्ती नाही."

बाई हुशार आहेत.

२० सप्टेंबर, शनिवार

जमलं! प्रकाशबिकाश नाही. गुडघ्यात वर्कशॉप टाकलं. वाटीखाली छोटं शटर आहे. ते वर करायचं. आत आमचीच माणसं, इवलीइवलीशी, ग्रीसगन घेऊन. भोंगा मधोमध उभा राहून ओरडतोय — "अरे, तिथे नाही, तिथे! मालकांचा पाय आहे, घासू नका!" मी काही बोलत नाही. नुसता बघतो. रोज सकाळी, आणि दुपारी परत.

हसू येतं. पण चहाच्या वेळेला घरात बोलणारं एवढंच.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वर्गातल्या एकाने तेलमास्तरांचा पत्ता दिला. मास्तर घरी येऊन गेले. हात म्हणजे फळ्या. तिखट वासाचं तेल, गुडघ्याला असं रगडलं की मी देवाचं आणि सर्जनचं नाव एकदमच घेतलं.

मास्तरांचं म्हणणं, शरीर म्हणजे एकच पिंप, आणि कान त्याचं तोंड. वरून तेल गेल्याशिवाय खालचे सांधे सुटत नाहीत. रोज दोन्ही कानांत कोमट तेल आणि वर कापसाचा बोळा. मला पटलं. वंगण वरूनच सोडतात, हे काय मला शिकवायचं?

२८ सप्टेंबर, रविवार

मुलीचा फोन. दर रविवारी याच वेळेला करते, त्यामुळे फोन हातात धरूनच बसतो. लाइन खराब होती. आवाज पूर्ण वाढवला, तरी मुंगीएवढी बोलत होती. "बाबा, तू ओरडतोयस का?" म्हणाली. मी कुठे ओरडतोय?

कान मात्र तल्लख झालेत. पाव चावला तरी स्वतःच्याच डोक्यात दगड फोडल्यासारखा ऐकू येतो. गिळलेलं पाणी खाली उतरेपर्यंत ऐकू येतं! मास्तर खोटं बोलत नव्हता.

१ ऑक्टोबर, बुधवार

खुर्चीतून उठलो — आवाज नाही! परत बसलो, परत उठलो. नाही! सळई लावली. खरखर नाही, कट् नाही. मुका!

हात ठेवला तर अजून बारीकसं काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. पण हाताचं काय, हात फसतो. कान फसत नाही.

डोळे मिटून शटर वर केलं, सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली.

कोणाला तरी सांगावंसं वाटलं. भोंग्याला फोन लावला, उचलला असावा, पण नुसतंच पुटपुटला. भोंगा आणि पुटपुटणं! माणूस हळू कधी बोलतो? काहीतरी लपवायचं असतं तेव्हा. फोन ठेवून दिला.

४ ऑक्टोबर, शनिवार

घरसुद्धा सुधारतंय. फ्रीज घरघरायचा, बंद झाला. दोनदा उघडून पाहिला, थंड आहे. सगळं कसं शांत. इतकं शांत, की मधेच मी खोकून घेतो.

दाराच्या कडीला पिशवी होती. पाव, अंडी, वर्तमानपत्र. भोंग्याची पिशवी मला कळते, तळाला ग्रीसचा डाग असतो. बेल न वाजवता टांगून गेला! दोन जिने चढून आला आणि तोंड न दाखवता परत फिरला. कळलं नाही मला काय झालं ते.

फोनवर मिस्ड कॉल दिसतात. एकच रिंग देऊन ठेवत असणार. म्हणजे "केला होता" म्हणायला मोकळे. एवढ्या जगात वावरलोय, ही युक्ती मला शिकवू नये.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज वर्गात फार खोल गेलो. बाईंचा आवाज विरत विरत गेला आणि मग काहीच नाही. गुडघ्यातलं वर्कशॉपसुद्धा रिकामं, शटर अर्धं खाली. डोळे उघडले तर सगळे निघून गेले होते. बाई एकट्याच सतरंज्या गुंडाळत होत्या. जवळ येऊन वाकून म्हणाल्या, "तीनदा हाक मारली. उठवायला जीव होईना. किती शांत होता तुम्ही!"

शांत होतो की काय होतो.

परत येताना रस्त्यावर एक रिक्षा माझ्या कोपराला घासून गेली. हॉर्नही देत नाहीत आता.

८ ऑक्टोबर, बुधवार

परत पिशवी. परत बेल नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गुडघा बरा झाला, हे लिहून ठेवतो. सर्जनला दाखवायला हवं होतं. आता ठरल्याप्रमाणे वर्कशॉपचा जिना चढायचा आणि टाइल्सवाल्याला नाही म्हणायचं.

पण चढून जायचं कोणाकडे? बारा माणसं आहेत, एकाला बेल दाबावीशी वाटत नाही. ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलो तो कडीला पाव टांगून पळतो. त्यांचं माझ्यावाचून चाललंय. चालावं असंच मी शिकवलं होतं त्यांना. शिकले.

टाइल्सवाल्याला निरोप धाडलाय — सोमवारी कागद घेऊन ये. भोंग्याला सांगितलं नाही. सही झाल्यावर कळेलच.

सही करताना हात थरथरायला नको. तेवढं डोळे मिटून बघून ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

 जसं झालं तसं लिहितो.

मुलीचा फोन. स्पीकर लावून फोन कानाला दाबून धरला होता. तिला वर्कशॉपचं सांगत होतो. ती रडवेली झाली, "बाबा, आईच्या नावाची पाटी आहे तिथे." मी म्हटलं, "पाटी काढून घरी लावू. इथे तरी कोण वाचणार? महिना होत आला, आपलं एक माणूस दारात आलं नाही."

ती एकदम थांबली. "बाबा, दार उघड ना."

"कसलं दार?"

"बेल वाजतेय."

"तुझ्याकडे वाजत असेल."

"अरे, आपली बेल! घसा बसलेल्या कोंबड्याची! मी ओळखत नाही होय? बघ, परत वाजली. बाबा! आता तर कोणीतरी दार बडवतंय!"

मी दाराकडे बघत होतो. दार हलत होतं. आवाज काही नव्हता. चित्रातल्यासारखं नुसतं हलत होतं.

उघडलं. भोंगा! घामाघूम, हातात पिशवी, मूठ वर उचललेली. तोंड हलताना दिसत होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि मला विहिरीच्या तळाशी कोणीतरी बोलल्यासारखं येत होतं. मी कानाकडे हात केला. तो थबकला. मग जवळ येऊन माझ्या कानाला तोंड लावलं आणि जो काही ओरडला! खालची म्हातारी वर आली.

"दोन आठवडे बेल वाजवतोय, मालक! दर दोन दिवसांनी! सगळी पोरं येऊन गेली! म्हातारी म्हणायची, ध्यानाला बसलेत, त्रास देऊ नका! मला वाटलं, त्या पंपावरून राग धरलात!"

फोन टेबलावरच होता. मुलगी तिकडे हसत होती की रडत होती, ते त्यालाच विचारावं लागलं. "दोन्ही," म्हणाला.

पडद्याची सळई लावून गेला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टाइल्सवाल्याला नाही म्हणून कळवलं. भोंगा स्कूटरवर बसवून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तेलाने मळ फुगून बूच बसलं होतं. डाव्या कानातून कापसाचा बोळा निघाला. त्याच्याखाली आणखी एक, जुना. भोंग्याने दोन्ही पाहिले. "होते चूक, मालक," म्हणाला.

खुर्चीतून उठलो. कट्!