जावयाचं घराणं

तोयोसु, टोकियो, १४ ऑक्टोबर २००६
पोचले एकदाची! जावई लॉर्ड झाल्याचं कळलं आणि मी तिकीट काढलं — स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू? सहा वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं, विभानं, ऑफिसातल्या इंग्रज एडमंडचं नाव काढलं, तेव्हा मीच फोनवर ओरडले होते, "घराणं काय त्याचं? कुणाचा कोण!" लग्नाला ये म्हणाली. नाही आले. त्यांनी आपलं आपण उरकलं असेल म्हणून पुढे विचारलंही नाही. आणि आता? त्यांचे निपुत्रिक काका वारले, आणि चारशे वर्षांची सरदारकी आमच्या जावयांकडे!

१७ ऑक्टोबर
सकाळी लॉर्ड कचरा निवडत होते. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं. मी पिशवी हिसकावली. "आई, आज माझा नंबर," म्हणाले. मराठीत!

१९ ऑक्टोबर
पुण्याला शैलजाला फोन केला. सोसायटीत तीच मला टोचायची, "तुमचा गोरा जावई करतो काय हो नेमकं?" आज सांगितलं — लॉर्ड आहेत! आणि त्यांच्यामागे माझा नातू पार्थ! तिनं घाईघाईनं फोन ठेवला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

२३ ऑक्टोबर
पार्थला ताठ बसायला शिकवतेय. पाचच वर्षांचा आहे, पण वारसदाराला पोक काढून कसं चालेल? "लॉर्डला शिंकानसेन ट्रेन फुकट असते?" विचारत होता. बहुतेक असेल, म्हटलं.

२६ ऑक्टोबर
लंडनच्या वकिलांचं पत्र आलंय. वारस म्हणून पार्थची नोंद करायला आईबापांच्या लग्नाचा दाखला हवा — मुलाच्या जन्माआधीचा. एवढंच ना! विभाला म्हटलं, काढ की. ती उठून भांडी घासायला गेली. एडमंड म्हणाले, "आई, मला टायटल नकोच होतं." खानदानी माणसं अशीच बोलतात.

२७ ऑक्टोबर
दाखला नाही. लग्नच झालेलं नाही!
विभानं कपाटातून फॉर्म काढला. कडा पिवळ्या पडल्यात. इथे वॉर्ड ऑफिसात दोन साक्षीदारांच्या सह्यांचा फॉर्म दिला की लग्न लागतं. एक सही त्यांच्या मॅनेजरची. दुसरी जागा कोरी.
"ती तुझी होती, आई. आज येशील, उद्या येशील म्हणून थांबलो. मग पार्थ झाला. तुला सांगायची हिंमतच झाली नाही."
लग्नाआधी झालेल्या मुलाला ही सरदारकी मिळत नाही. नंतर लग्न केलं तरीही नाही. पत्र चारदा वाचलं. माझीच मला लाज वाटते.

३० ऑक्टोबर
आज त्या कोऱ्या जागी सही केली. विभा रडली. एडमंड माझ्या पाया पडले. वॉर्ड ऑफिसातून निघताना पार्थनं विचारलं, "आजी, आता मी लॉर्ड होणार?"
नाही रे सोन्या. आजीनं यायला उशीर केला.