मंजुरीचं पत्र

मांजरी, पुणे

तीर्थरूप अण्णा,
तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

बांधकाम मजुरांच्या वस्त्यांवर फिरता दवाखाना पाठवायचा, ही माझ्या अहवालातली शिफारस सरकारनं मान्य केली. सात वर्षं यासाठीच घातली. पण पेढे वाटू नका, आधी पुढचं वाचा.

शकू आठवते? माझ्या साक्षरता वर्गात शिकली आणि वस्तीतल्या गरोदर बायकांची नोंद ठेवायला लागली, ती. सरकारच्या समितीपुढे माझे तक्ते कुणी धड पाहिले नाहीत. मग ती उभी राहून म्हणाली, "सायेब, दवाखाना लांब हाय, पन कळा थांबत न्हाईत." तेव्हा कुठे अध्यक्षांनी माझे तक्ते पुन्हा मागून घेतले.

मंगळवारी तिलाच कळा सुरू झाल्या. दवाखाना गाठेपर्यंत रिक्षातच ती गेली. बाळ वाचलं, मुलगी आहे. मंजुरीचं पत्र गुरुवारी आलं.

मी ते सोनबाला, तिच्या नवऱ्याला, दाखवायला नेलं. त्यानं कागद हातात धरून विचारलं, "म्याडम, यात शकूचं नाव हाय का?"

नाव फक्त माझंच होतं. अण्णा, त्याला वाचता येत नाही. मी "आहे" म्हणाले.

हे आईला वाचून दाखवू नका.

तुमची,
तनुजा