अंदाजित मर्यादा : वय अडुसष्ट

मी, खाली सही करणारी, बाटल्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली तपासनीस, माझ्या राहत्या दोन खोल्यांत बसून, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण म्हणायचेच तर भीतीचे आहे. पण भीतीचे नाव कायद्याच्या कागदात कुठे लिहितात ते मला माहीत नाही. आयुष्याचा काही भरवसा नाही, असे अशा कागदात आधी लिहायची पद्धत आहे, असे शेजारच्या शिंप्याने सांगितले. त्याने स्वतःच्या वडिलांचे मृत्युपत्र लिहिले होते, म्हणून त्याला विचारले. मला ते वाक्य लिहिता येत नाही. माझ्या आयुष्याचा भरवसा फंड ऑफिसने छापून पाठवला आहे. येत्या महिन्यात मला अडुसष्ट पूर्ण होतील.

हे नीट सांगितले पाहिजे, नाहीतर म्हातारीला भ्रम झाला होता म्हणून सून हा कागद उडवून लावेल.

फंड ऑफिस दर वर्षी आम्हा कामगारांना खात्याचा उतारा पाठवते. आम्ही त्याला पट्टी म्हणतो. पूर्वी पट्टीवर तीनच गोष्टी असायच्या: जमा, व्याज, शिल्लक. त्यांचा उपयोग सगळ्यांना ठाऊक होता. दुकानदाराने उधारीला तोंड वाकडे केले की पट्टी दाखवायची, मुलीला स्थळ आले की पट्टी दाखवायची, नवऱ्याने आवाज चढवला की तीच त्याच्या नाकासमोर धरायची. मग एका वर्षी खाली ठळक अक्षरांत नवी ओळ आली: 'अंदाजित मर्यादा : वय', आणि पुढे आकडा. माझा आकडा एकोणऐंशी होता. जेवणाच्या सुट्टीत बूच सगळ्यांच्या पट्ट्या वाचून दाखवत होती. बूच म्हणजे माझी कामावरची जोडीदारीण. कोणाचेही तोंड एका वाक्यात बंद करायची म्हणून हे नाव पडले. ती ओळ वाचून बूचच गप्प झाली, तेव्हा आम्ही घाबरलो.

"अगं, हे आपलं शेवटचं वय दिलंय," ती म्हणाली.

"त्यांना कसं कळणार ते?" मी विचारले.

"कंपनीचा डॉक्टर दर वर्षी बाटलीभर रक्त काढून नेतो. ते काय चहात घालतात?"

आम्ही उजेडावर बसणाऱ्या बायका. समोर पांढरा दिवा, त्याच्यापुढून बाटल्या सरकत जातात, आणि बुडबुडा, तडा किंवा पातळ बूड दिसले की ती बाटली उचलून बाजूला टाकायची. कुठली बाटली किती दिवस टिकेल ते आम्ही नुसत्या नजरेने सांगायचो. तेव्हा आपल्यालाही कोणीतरी उजेडापुढे धरून बघितले असणार, यात आम्हाला अशक्य असे काही वाटले नाही.

भट्टीवाल्याचा आकडा एक्क्याण्णव आला. तो कॉलर ताठ करून फिरू लागला, ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या, आणि वर्ष संपायच्या आत जिन्यात कोसळून गेला. तरी आमचा विश्वास ढळला नाही. "गोळ्या त्याने सोडल्या, त्यात ऑफिस काय करणार?" असे बूचने सगळ्यांना समजावले. मग क्रेनवाला अगदी छापल्या वयाला गेला, आणि त्यानंतर पट्टी उघडताना कोणी मोठ्याने बोलेना.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. निवृत्तीनंतरचा दरमहाचा हप्ता सोडून जो फंडातून वेगळे पैसे काढतो, त्याचा आकडा पुढच्या पट्टीत उतरतो. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून आमचे आम्हीच शोधून काढले. तेव्हापासून फंडाला हात लावायचा म्हणजे आपल्या आयुष्यातले काढून द्यायचे, असे आम्ही समजत आलो. तरी सगळ्यांनी काढले. मीही काढले.

कलम पहिले, स्थावर. राहत्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझ्या पश्चात माझे एकुलते चिरंजीव यांना मिळाव्यात. ते सध्या पत्नीसह गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकानामागच्या खोलीत राहतात. अट एकच. माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, ज्यांना मी वन्सं म्हणते, त्या माझ्याकडेच असतात. त्यांना आतल्या खोलीतून हयातभर कोणी हलवू नये. वन्सं शाळेत शिपाई होत्या, घंटा त्या वाजवायच्या. अजूनही काही हवे असले की ताटलीवर चमचा वाजवतात. सुनेने ते ऐकून घ्यावे. मी ऐकून घेतले आहे.

कलम दुसरे, चिरंजीवांसाठी खुलासा. तुझ्या वडिलांच्या आजारपणात मी फंडातून काढले, तेव्हा माझ्या एकोणऐंशीचे बहात्तर झाले. ते मी राजीखुशीने दिले. त्यांना त्यातून थोडेसेच दिवस मिळाले, माझ्या सात वर्षांच्या मानाने फारच थोडे, पण घासाघीस करायची ती वेळ नव्हती. मग तुला चपलांचे दुकान टाकायचे होते. "आई, एवढ्या वेळची नड भागव, मग मी आहेच," म्हणालास, आणि बहात्तरचे अडुसष्ट झाले. त्या दुकानातून मला एक जोड मिळाला, तोही चावणारा. ते पैसे म्हणजे माझी चार वर्षे, हे मी तुला कधी कळू दिले नाही. आता सांगते, कारण मला भीती वाटते आणि ती मला एकटीला पेलवत नाही. दुकान नीट चालव. दुपारी शटर ओढून झोपत जाऊ नकोस.

कलम तिसरे, वन्संबद्दल. यजमान अंथरुणाला खिळले होते, तेव्हा वन्संनी मला स्वयंपाकघरात गाठले आणि म्हणाल्या, "हे बघ, फंडाला हात लावू नकोस. म्हातारपणी काय खाशील?" सख्खा भाऊ जायच्या वाटेवर, आणि ही बाई खाण्याचे बोलते! त्या दिवसापासून आमचे बोलणे कामापुरते. तरी माझे कपाट त्यांना द्यावे. कपाटाचा आरसा मात्र काढून सुनेला द्यावा. दोन्ही मिळून एकीला देऊ नये.

कलम चौथे, हत्यारे. माझे भिंग, कपाळावरची हिरवी झापड आणि बाटलीचे तोंड मोजायची पितळी कडी बूचला द्यावी. ती हसेल, पण घेईल. सुपरवायझरला काही नाही. भट्टीचा ताव कमी पडला होता हे त्याला पक्के माहीत होते, आणि तरी पातळ बुडाचा सगळा माल माझ्या नजरेतून सुटला असे म्हणून त्याने खापर माझ्या डोक्यावर फोडले. त्याने मला पोचवायला येऊ नये. आलाच तर सगळ्यांच्या मागे उभे राहावे.

कलम पाचवे, तोवरची व्यवस्था. मी हल्ली दाराला आतून वरची कडी लावत नाही, वन्संचा हात तिथवर पोचत नाही, म्हणजे पुढे दार फोडायची वेळ येऊ नये. मग चोराची भीती वाटते, म्हणून दाराला खुर्ची टेकवते. मग ती जड खुर्ची वन्संना एकटीने सरकायची नाही, म्हणून काढून ठेवते. न्हाणीत जाताना वन्संना सांगून जाते. अंगावर धुतलेलेच असते, कारण कोण येईल आणि काय बघेल सांगता येत नाही. साबणाची वडी कागदासारखी झाली आहे, पण नवी आणावी की नको ते ठरत नाही. छातीत जरा कळ आली की हीच ती, असे वाटून हातपाय गार पडतात, मग ढेकर येते आणि कळ जाते. मला मरायचे नाही. हे मृत्युपत्रात लिहिता येते की नाही ते शिंप्याला विचारले नाही, लिहून टाकले.

पुरवणी. वरचे लिहून झाल्यावर चिरंजीवांचे नाव वारस म्हणून खात्याला लागले आहे ना, हे बघायला मी फंड ऑफिसात गेले. खिडकीतल्या मुलीने पट्टी घेतली आणि मशीनवर बघितले.

"मावशी, मुलाचं नाव आहे. पण त्याच्यासाठी काही उरायचं नाही हं."

"ठाऊक आहे गं. मी पुढच्या महिन्यात जाणार."

"कुठे?"

मी त्या ठळक ओळीवर बोट ठेवले. तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"अहो मावशी, दरमहा आता काढता तेवढेच काढत राहिलात, तर पैसे अडुसष्टाव्या वर्षापर्यंत पुरतील, असं आहे ते. मर्यादा पैशांची. तुमची नाही."

"मग माझी किती?"

"ती आमच्याकडे कशी असेल?"

मी खिडकीच्या फटीतून हात घालून तिचा गाल कुरवाळला. मागच्या रांगेतली माणसे बघत होती, बघू दे म्हटले. जिन्यापर्यंत मी तरुण पोरीसारखी गेले. पायऱ्या उतरताना डोक्यात उजेड पडला आणि मी कठडा धरून तिथेच बसले. पैसे संपणार होते आणि मी उरणार होते. आमच्या माहेरच्या बायका सहज नव्वदीला टेकतात.

मरणाच्या भीतीत निदान पुढचे काही बघायचे नसायचे. आता सगळे दिसते. दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरणारी मी दिसते. सून ताट पुढे सरकवते, ते ऐकू येते. औषधाची अर्धी गोळी कागदात गुंडाळून उद्यासाठी ठेवते आहे, असे दिसते. भीती आधीएवढीच आहे, फक्त आता ती महिन्याभरात संपणारी नाही.

बूचला सांगितले, तर तिला पटले नाही. "त्या पोरींना शिकवूनच ठेवलेलं असतं, म्हाताऱ्यांना धीर द्या म्हणून." तिचा आकडा पंचाऐंशी आहे, तिला तो सोडवत नाही.

वन्संना सांगायला मला फार जड गेले. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आले असते. त्या बरोबर होत्या हे कळल्यापासून माझा राग कमी झालेला नाही, वाढलाच आहे. त्या हातातले निवडणे न थांबवता म्हणाल्या, "माझं पेन्शन आहे की. दोघींचं ओढूनताणून होईल. पण हे बघ, ते मी आहे तोवरच. मी गेले की बंद."

ते पेन्शन इवलेसे, मी त्याला जन्मभर हसले. आता वन्सं खोकल्या की मी दचकते. त्यांना गार पाणी पिऊ देत नाही, ओल्या फरशीवर चालू देत नाही. परवा त्या स्टुलावर चढून डबा काढत होत्या, तेव्हा मी किंचाळलेच.

"माझ्या जिवासाठी ओरडलीस, की पेन्शनसाठी?" त्यांनी वरूनच विचारले.

मी नुसते स्टूल धरून उभी राहिले.

सबब वरील मजकुरात फेरबदल असा: बाहेरची खोली भाड्याने द्यायची आहे, त्यामुळे कलम पहिले तूर्त स्थगित. कपाट विकावे लागेल, त्यामुळे कलम तिसऱ्यातली वाटणी रद्द. सुपरवायझरबद्दलचे जसेच्या तसे राहील.

कलम शेवटचे, चिरंजीवांस. आता जे लिहायचे आहे ते मृत्युपत्रात बसत नाही, असे शिंपी म्हणतो. मला तुला विचारायचे आहे की वन्सं गेल्यावर, हातात काही नसताना, तू मला तुझ्याकडे ठेवशील का. एवढेच विचारायचे आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात; तेव्हा तू हो म्हणालास काय आणि नाही म्हणालास काय, मला त्याचा उपयोग नाही. तुझ्या समोर बसून विचारायला माझी जीभ रेटत नाही. दोनदा दुकानापर्यंत येऊन गेले, तुझ्याकडे गिऱ्हाईक होते, तू वाकून कोणाच्या तरी पायात चप्पल घालून बघत होतास. मी तशीच परतले.

म्हणून असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र लिहिणारी जिवंत असतानाच उघडावे. शिंप्याने ते उद्या चिरंजीवांच्या हातात द्यावे आणि वाचून होईपर्यंत तिथेच बसावे. उत्तर चिरंजीवांनी शिंप्याबरोबर पाठवू नये, फोनवर सांगू नये. स्वतः यावे. नाही म्हणायचे असेल तरी स्वतः यावे.

लिहून देणार : सही

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी : सही माझ्यासमोर केली. अक्षर वेडेवाकडे आले, पण सही त्यांचीच.

साक्षीदार दुसरी, बूच : ती शुद्धीवर आहे. खिडकीतल्या पोरीचे खरे की खोटे, त्याची साक्ष मी देत नाही.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर

तारीख : महिन्याची पहिली. फंडाचा शेवटचा हप्ता आज सकाळी हातात आला.